गेटवर एक, बूथवर एक

गेल्या महिन्यात आमच्या जबलपूर शाखेची मासिक सभा झाली. विषय नेहमीचेच होते. क्वार्टरांची गळती, रात्रपाळीचा भत्ता, रिकाम्या जागा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहिता. श्रमसंहितांवर आम्ही चांगले अर्धा तास बोललो. संपाच्या नोटिसीची अट आता सगळ्या उद्योगांना कशी लागू झाली, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर कशी नेली, हे सगळे समजावून सांगितले. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतला एक तरुण ट्रॅकमन उठला. त्याने हिंदीत विचारले ते आम्ही मराठीत देतो. "सचिवसाहेब, हे कायदे ज्यांनी केले त्यांना निवडून कोणी दिले? आपल्या कॉलनीतल्या बूथवर कोणाला मते पडतात ते तुम्हाला ठाऊक नाही का?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो, आणि "चहा आला आहे" म्हणून सभा संपवली. पण उत्तर आम्ही दिले नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हालाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. उत्तर पुरते जमले आहे असा आमचा दावा नाही.

आधी एक खुलासा. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ प्रमाणे रेल्वे कर्मचाऱ्याला मत देण्याचा अधिकार आहे, पण आपण कोणाला मत देणार वा दिले हे सूचित करायलाही त्याला मनाई आहे. तेव्हा आमचे मत कोणाला, हे वाचकांनी या लेखात शोधू नये. कॉलनीतल्या बूथांचे आकडेही आम्ही छापत नाही. पूर्वी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत असत. मतदान यंत्रे आल्यापासून बूथवार आकडे उघडे पडतात, आणि शे-दोनशे घरांच्या बूथाचा आकडा छापणे म्हणजे घराघरावर बोट ठेवणे झाले. ते आकडे आम्ही पाहिले आहेत, एवढे सांगतो. त्या पोराचे म्हणणे खोटे नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. जबलपूर हे जात्याच कोणत्या एका पक्षाचे गाव, असे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा.

हे गाव रेल्वेने आणि तोफखान्याने वाढवले. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे आली, १८७० साली इटारसीकडून जी. आय. पी. आली, आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग इथे जुळला. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला, १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी आली. बंगाली आले, तमिळ आले, पंजाबी आले, फाळणीनंतर सिंधी आले. मराठी माणूस तर त्याआधीपासून होता. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता आणि १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. अशा मिसळीच्या गावात राजकारणही मिसळीचेच असायचे.

झेंडा सत्याग्रहाची ठिणगी १९२३ साली इथेच पडली आणि मग तो नागपूरला पेटला. १९३९ साली इथून जवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्याआधीच्या निवडणुकीत सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले होते, आणि तरीही एप्रिल संपता संपता त्यांना पद सोडावे लागले. मत जिंकणे एक आणि कारभार हाती येणे दुसरे, हे या मातीने तेव्हाच पाहिले. स्वातंत्र्यानंतर सेठ गोविंददास. १९५७ पासून १९७४ साली त्यांचे निधन होईपर्यंत तेच जबलपूरचे खासदार. १९६१ च्या फेब्रुवारीत इथे भीषण दंगल झाली, देश हादरला, पण पुढच्या वर्षी सेठजीच निवडून आले. तेव्हा लोक म्हणत, जबलपूर म्हणजे काँग्रेस. आज दुसरे नाव घेऊन तेच म्हणतात.

मग १९७४ उजाडले. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे होतो, पण त्या मे महिन्याबद्दल आमच्या घरात इतके बोलले गेले की जणू आम्ही तो पाहिला. ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. लाल झेंडेवाले, समाजवादी, भारतीय मजदूर संघाचे, सगळे एका समितीत होते. वीस दिवस संप चालला आणि २७ मेला मागे घेतला गेला. देशभर हजारोंना अटक झाली, हजारोंची नोकरी गेली. आमचे वडील संपात होते. त्या महिन्यात आईने कोणाकडून काय उसने आणले याची यादी तिला शेवटपर्यंत पाठ होती. सव्वा शेर तांदूळ, दोन वाट्या तेल, असे.

जूनमध्ये सेठजी गेले आणि पोटनिवडणूक लागली. विरोधी पक्षांनी मिळून एक उमेदवार दिला. इथल्याच इंजिनियरिंग कॉलेजचा विद्यार्थी नेता, वय सत्तावीस, नाव शरद यादव. निशाणी नांगरधारी शेतकऱ्याची. सेठजींची जुनी घराणेशाही, शहरात त्यांच्या नावाच्या धर्मशाळा, आणि समोर तुरुंगवास सोसलेला एक पोरगा. पोरगा निवडून आला. त्या निकालाचा धक्का दिल्लीपर्यंत गेला. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा मधु लिमये आणि शरद यादव यांनी राजीनामे दिले, आणि १९७७ साली यादव इथून पुन्हा निवडून आले.

आमचे वडील सांगत की त्या पोटनिवडणुकीत गेटवर काय बोलायचे आणि बूथवर काय करायचे, यात फरकच उरला नव्हता. जे तोंडात तेच हातात. आमच्या माहितीत रेल्वे कामगाराचा झेंडा आणि मत असे एका रेषेत आले ते तेवढेच. आणि ते का आले, याचा विचार आम्ही नंतर खूप केला. युनियनने सांगितले म्हणून नव्हे. संपाने प्रत्येक घरात काहीतरी केले होते. शेजारणीने तेल दिले होते, कोणी दिले नव्हते, कोणाच्या घरी पोलीस आले होते. राजकारण स्वयंपाकघरापर्यंत पोचले होते. त्यामुळे बायकांनाही ठाऊक होते की आपण कोणाविरुद्ध मत देतो आहोत.

पुढची कथा वाचकांनी नीट पाहावी. १९७७ ला जनता. १९८० ला काँग्रेसचे मुंदर शर्मा. १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे बाबूराव परांजपे. १९८४ ला काँग्रेसचे अजय नारायण मुश्रान. १९८९ ला पुन्हा परांजपे. १९९१ ला काँग्रेसचे श्रवणकुमार पटेल. १९९६ ला पुन्हा परांजपे. म्हणजे वीस वर्षे जबलपूरने दर खेपेला खासदाराचा पक्ष बदलला. एकदाही चुकले नाही. विडी शिलगावायला काडी बदलावी तसा पक्ष बदलला. अशा गावाला कोणी एका रंगाचे म्हणत असेल तर त्याने फक्त १९९६ नंतरचे पाहिले आहे. तिथून मात्र गाडी एकाच रुळावर आहे. १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. आठ निवडणुका, आठही वेळा भाजप.

बाबूराव परांजप्यांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. आमचे वडील १९७४ च्या संपातले, समाजवादी युनियनचे सभासद, वर्गणी कधी थकवली नाही. १९८२ साली त्यांनी परांजप्यांना मत दिले. ते आता नाहीत, निवृत्त होऊनही फार वर्षे झाली होती, म्हणून नियमाचा भंग होणार नाही. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, आपला माणूस आहे." "आपला" म्हणजे मराठी. आम्ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, घरात फर्नांडिसांचा फोटो लावलेला, आम्हाला ते पटले नाही. रात्री जेवताना वडिलांशी बोललो नाही. आज वाटते, त्यांनी आपल्या आयुष्यातल्या दोन गोष्टी दोन खणांत ठेवल्या होत्या. नोकरीचे भांडण युनियनच्या खणात. गल्ली, देऊळ, भाषा, गणपती हे दुसऱ्या खणात. मत त्या दुसऱ्या खणातून जात होते. पुढे २०१५ साली डॉ. स्वाती गोडबोले इथल्या महापौर झाल्या तेव्हाही कित्येक मराठी घरांत हाच शब्द ऐकू आला, आपला माणूस. मराठी मते इथे किती असतील ती असोत, मुद्दा मोजदादीचा नाही. बंगाल्याचा असाच एक खण आहे, सिंध्याचा आहे, कुर्मी, पटेल, यादव, जैन, सगळ्यांचा आहे.

मग १९९६ नंतर गाडी एकाच रुळावर का लागली? अयोध्येचे कारण सगळे सांगतात आणि ते खरेच आहे, पण पुरे नाही. आम्हाला दिसते ते कारण आमच्या घरातले आहे. १९९१ च्या सुमारास भारतीय रेल्वेत साडेसोळा लाखांच्या आसपास माणसे होती. आज बारा लाखांच्या आसपास आहेत. गाड्या वाढल्या, माल वाढला, माणसे घटली. जे काम घटले नाही ते ठेकेदाराकडे गेले, आणि ठेकेदाराचा माणूस आपल्या सभासदांच्या यादीत नाही. पूर्वी संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम, नाटक, वाचनालय असे. तिथे युनियनचा माणूस बसलेला असे आणि तुमच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यापासून बायकोच्या आजारापर्यंत सगळे त्याला ठाऊक असे. आज आम्ही पदाधिकारी संध्याकाळी कुठे असतो? बहुतेक करून डिव्हिजनल ऑफिसच्या जिन्यात, नाहीतर गाडीत, कुठल्या तरी अधिवेशनाला जाता-येता. कॉलनीत कोण असतो? दुर्गोत्सव समितीचा माणूस असतो. जबलपूरचा दसरा आणि दुर्गोत्सव किती मोठा ते इथे आलेल्यांना सांगायला नको. वर्गणी गोळा करणारा, भंडाऱ्याला वाढणारा, रात्री दोन वाजता मेडिकल कॉलेजला घेऊन जाणारा. तो कोणत्या पक्षाचा आहे हे मग विचारायला लागत नाही. आम्ही गेट राखले आणि मोहल्ला सोडला. मोहल्ला रिकामा राहत नसतो.

हे रेल्वेचेच नाही. संरक्षण कारखान्यांतले बंधू आमच्याहून कडवे. २९ एप्रिल २०१९ ला इथे लोकसभेचे मतदान झाले. भाजपचे राकेश सिंह काँग्रेसच्या विवेक तन्खांविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. कारखान्यांच्या महामंडळीकरणाची चर्चा तेव्हा उघड चालू होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला देशातल्या ४१ आयुध कारखान्यांत एक महिन्याच्या संपाची हाक गेली. तिन्ही महासंघ एकत्र होते, त्यात भारतीय मजदूर संघाचाही. जबलपूरच्या कारखान्यांची गेटे बंद पडली. म्हणजे एप्रिलात ज्यांना मत दिले, ऑगस्टात त्यांच्याच धोरणाविरुद्ध तीच माणसे रस्त्यावर. आठवड्याच्या आत बोलणी होऊन संप थांबला. पुढे १ ऑक्टोबर २०२१ ला त्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्याच. आणि २०२४ साली भाजपचे आशीष दुबे ४ लाख ८६ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की मतदान २०१९ पेक्षा लक्षणीय घटले होते. जे घरी बसले ते कोण होते, हे कोणतेही यंत्र सांगत नाही.

कोणी म्हणेल, कामगाराला कळत नाही. हे वाक्य आमच्या व्यासपीठांवरून फार वेळा बोलले गेले आहे आणि आम्हीही बोललो आहोत. ते चुकीचे आहे. कळते, आणि चांगले कळते. २०१८ च्या विधानसभेत जबलपूर जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी चार काँग्रेसला, चार भाजपला. उत्तर जबलपूरमध्ये तर भाजपचा मंत्री अवघ्या ५७८ मतांनी पडला. सहा महिन्यांत लोकसभेला तोच मतदार साडेचार लाखांचे मताधिक्य भाजपला देतो. २०२२ साली महापौर काँग्रेसचा, चाळीस हजारांहून अधिक मतांनी. २०२३ ला विधानसभेत आठापैकी सात भाजपला, एकटे पूर्व जबलपूर काँग्रेसकडे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो महापौरच भाजपमध्ये गेला, ते वेगळे. जो मतदार दिल्लीला एक, भोपाळला एक आणि नळाच्या पाण्याला एक असे वेगवेगळे मत देतो, त्याला कळत नाही कसे म्हणायचे? तो प्रत्येक बूथवर वेगळा प्रश्न सोडवतो आहे. आपला प्रश्न, म्हणजे नोकरीचा, ठेकेदारीचा, पेन्शनचा, त्याच्या प्रश्नपत्रिकेत येतच नाही. तो का येत नाही, हे विचारायला हवे.

पेन्शनचेच घ्या. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. आणली वाजपेयी सरकारने. पुढची दहा वर्षे काँग्रेसचे सरकार होते, त्यांनी ती मागे घेतली नाही, उलट २०१३ साली तिचा कायदा केला. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच काँग्रेसने मध्य प्रदेशात जुन्या पेन्शनचे वचन दिले. निकालानंतर दिग्विजय सिंहांनी टपाली मतांचे आकडे पुढे केले की सरकारी नोकर आमच्याबरोबर होता. असेलही. पण राज्याच्या वचनाने केंद्राच्या रेल्वेवाल्याला काय मिळणार होते? तो हिशेब त्याने बरोबर केला. मग २०२४ च्या ऑगस्टात केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती आली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. जुन्या पेन्शनएवढी ती नाही, पण वीस वर्षांच्या आंदोलनाने काहीतरी हलवले. ते कोणत्या पक्षाला मत देऊन हलले नाही, मोर्चे, निवेदने आणि संपाच्या तयारीने हलले. कामगार म्हणतो, माझे पोट युनियन पाहील, मत मी दुसऱ्या कामाला वापरतो. यात तर्क आहे, हे मान्य करायला आम्हाला वर्षे लागली.

घरातले दुसरे मत विसरू नका. लाडली बहना योजनेचा पहिला हप्ता १० जून २०२३ ला वाटला गेला तो याच जबलपुरातून. महिना हजार रुपये, बाईच्या स्वतःच्या खात्यात. दोन दिवसांनी, १२ जूनला, प्रियांका गांधींनी काँग्रेसचा प्रचार सुरू केला तोही याच गावातून, ग्वारीघाटावर नर्मदेची पूजा करून. म्हणजे दोन्ही पक्षांना ठाऊक होते की नाडी कुठे लागते. रेल्वे नोकराच्या बायकोला ती योजना लागू नाही, सरकारी नोकर घरात असला की नाव बाद. पण ठेकेदाराकडे डबे धुणाऱ्या बाईला लागू आहे. तिला आम्ही युनियनमध्ये घेतले नाही, तिचा किमान पगार पुरा मिळवून दिला नाही, आणि मग तिने हजार रुपयांना मत दिले म्हणून नाक मुरडतो. तिच्या हातात आमच्याकडून काय पडले, ते आधी सांगावे.

अमेरिकेतले एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या इंजिनांशी जोडलेले आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात एरी नावाचे एक गाव आहे, लाखभर वस्तीचे. त्याला लागून लॉरेन्स पार्क ही छोटी वसाहत, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कामगारांसाठी वसवलेली. तिथे शंभराहून अधिक वर्षे रेल्वे इंजिने बनत आली. बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यातून आपल्याकडे जी डिझेल इंजिने आली त्यांतली पहिली एरीतच बनून आली होती. तिथली युनियन कडवी. त्या एरी जिल्ह्याने १९८८ ते २०१२ प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाला कौल दिला. काम दुसऱ्या राज्यात गेले, माणसे घटली. २०१६ ला दोन हजारांहूनही कमी मतांनी तो जिल्हा ट्रम्प यांच्याकडे गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत कारखाना वॅबटेक कंपनीकडे गेला. नव्या मालकाने सांगितले, जुन्यांना जुना पगार, नव्याने लागणाऱ्यांना कमी. कामगार नऊ दिवस संपावर गेले. कडाक्याची थंडी, बर्फ, आणि गेटवर शेकोट्या. त्या शेकोटीभोवती ट्रम्पला मत दिलेले आणि न दिलेले शेजारी शेजारी उभे होते, असे मानायला हरकत नाही, कारण त्या गावात दुसरे काही शक्यच नव्हते. २०२० ला जिल्हा दीडेक हजार मतांनी बायडेन यांच्याकडे आला, २०२४ ला पुन्हा ट्रम्प यांच्याकडे गेला.

जुन्याला एक, नव्याला दुसरे. २००४ ची आमची पेन्शन आणि एरीचा पगार, दोन्ही एकाच साच्यातले. एकाच पान्याने काम करणाऱ्या दोघांत भिंत घालायची. तिथल्या युनियनला भांडण जमले कारण तिने गेटवर कोणाला मत दिले हे विचारले नाही. विचारले असते तर निम्मी माणसे शेकोटीवरून उठून गेली असती.

म्हणून त्या तरुण ट्रॅकमनला आमचे उत्तर असे आहे. युनियनने एखाद्या पक्षाची पाठराखण करावी, असे त्याच्या प्रश्नात सुचवलेले होते. आम्ही ते करणार नाही. आचरण नियमांचे भय हे एक कारण आहे, ते लपवत नाही. ट्रेड युनियन कायदा, १९२६ युनियनला राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवू देत होता, पण त्यातही वर्गणी ऐच्छिक हवी आणि न देणाऱ्यावर अन्याय नको अशी अट होती. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारलाही एवढे समजले होते. दुसरे कारण अधिक मोठे. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, २०१३ नंतर अकरा वर्षांनी. लोकसभेचे मतदान पाच वर्षांनी ठरल्यासारखे होते, आमचे लांबत राहते, ही तक्रार आम्ही केलेलीच आहे. पण त्या मतदानात आम्हाला ज्यांनी मते दिली त्यांत सर्व पक्षांचे लोक होते. ज्यांनी जूनमध्ये विजयी मिरवणुकीत गुलाल उधळला, त्यांतल्या कित्येकांनी डिसेंबरात आमच्या टेबलावर बसून याद्या तपासल्या. त्यांना आम्ही काय सांगावे? आधी पक्ष सोडा, मग गेटवर या?

पण "युनियन पक्षाबाहेर" म्हणजे "युनियन राजकारणाबाहेर" नव्हे, आणि या दोहोंत आम्ही गेली वीस-पंचवीस वर्षे गफलत केली. खासदार कोणत्याही पक्षाचा असो, श्रमसंहितांवर त्याने संसदेत काय केले, हे आम्ही त्याला एकदाही लेखी विचारलेले नाही. रेल्वेच्या एखाद्या गाडीला थांबा मागायला गेलो, हारतुरे दिले, फोटो काढला, परत आलो. पेन्शनचे निवेदन दिले तेही जिल्हाधिकाऱ्याला. कॉलनीत निवडणुकीच्या वेळी सगळे उमेदवार येतात, आणि आम्ही त्या दिवशी नेमके घरी नसतो, कारण कोणाच्या बाजूने उभे दिसायला नको. प्रश्न विचारणे म्हणजे प्रचार नव्हे. वेतनसंहिता २०१९ ला आणि बाकीच्या तीन २०२० ला संसदेत मंजूर झाल्या. त्या वेळी आमच्या शाखेच्या इतिवृत्तात त्यांवर दोन ओळी आहेत. दोन. आम्ही परवाच वही काढून पाहिल्या. त्याच पानावर सेवानिवृत्तांच्या सत्काराला सव्वा पान दिले आहे.

मागच्या मंगळवारी आम्ही मदनमहालपलीकडे त्या ट्रॅकमनच्या गँगकडे गेलो. दुपारची सुट्टी होती, डबे उघडले होते. आम्ही त्याला म्हटले, तुझ्या प्रश्नावर लिहितो आहे. तो म्हणाला, "लिहा. पण तुम्ही आमच्या मोहल्ल्यात शेवटचे कधी आला होतात?" आम्ही आठवून पाहिले. त्याच्या वडिलांच्या निवृत्तीच्या वेळी. म्हणजे सात वर्षे झाली. तो चिडून बोलला नव्हता, भाकरीचा तुकडा मोडता मोडता बोलला होता, म्हणून जास्त लागले.

कार्यकारिणीत थोडा वाद होऊन ठरले ते असे. पुढची शाखासभा युनियन ऑफिसात न घेता कॉलनीत, दुर्गेचा मांडव पडतो त्या मैदानावर घ्यायची, रविवारी संध्याकाळी. घरच्या बायकांना बोलवायचे. डबे धुणाऱ्या आणि फलाट झाडणाऱ्या ठेकेदारी बायकांनाही बोलवायचे, वर्गणी न मागता. श्रमसंहितांवर भाषण नाही. त्याऐवजी प्रत्येकीने आपल्या घरातल्या पगाराची चिठ्ठी आणायची आणि ती एकत्र बसून वाचायची. त्यातून खासदार आणि आमदार यांना विचारायचे पाच-सहा प्रश्न निघतील ते त्याच ट्रॅकमनने लिहून घ्यायचे. दुर्गोत्सव समितीने सतरंज्या द्यायचे कबूल केले आहे. समितीचे अध्यक्ष एका पक्षाचे वॉर्ड पदाधिकारी आहेत. ते म्हणाले, माझी वहिनीही ठेकेदाराकडेच आहे, मी येईन.